दोघांसाठी आरव्हीचा उन्हाळी प्रवास: डेन्व्हरहून ब्लॅक हिल्स, यलोस्टोन, टीटन आणि परत

आरव्हीने, म्हणजे चाकांवरच्या घराने, फिरायला निघणाऱ्या जोडप्यांच्या योजना ऐकताना एकच गोष्ट मला पुन्हा पुन्हा खटकते. साध्या गाडीने फिरावं तसंच सगळं आखलेलं असतं: सकाळी निघायचं, साडेचारशे मैल तोडायचे आणि रात्री कुठेतरी टेकायचं. मोटेलात उतरायचं असेल तर हे निभावून जातं. आरव्ही मात्र मुक्कामी पोचल्यावर समपातळीत उभी करावी लागते, वीज-पाणी जोडावं लागतं, मग स्वयंपाक. हे सगळं अंधारात, दमलेल्या अंगाने करायची वेळ आली की दोघांचाही पारा चढतो. म्हणून माझा आग्रह असा की दिवसाला दोनशे मैलांच्या आसपास थांबायचं, दुपारी तीनच्या आत मुक्काम गाठायचा आणि जमेल तिथे एका जागी दोन-तीन रात्री काढायच्या. खालचा सगळा बेत याच हिशेबाने बांधला आहे.

मार्ग आणि महिना

आम्ही कोलोरॅडोत राहतो, त्यामुळे डेन्व्हरहून सुरू होऊन डेन्व्हरलाच संपणारी फेरी सांगते. नेब्रास्काच्या पश्चिम टोकातून साउथ डकोटातले ब्लॅक हिल्स आणि बॅडलँड्स, मग वायोमिंगमध्ये डेव्हिल्स टॉवर, बिगहॉर्न पर्वत, कोडी गाव, यलोस्टोन आणि ग्रँड टीटन ही राष्ट्रीय उद्यानं, आणि लँडर-लॅरमीवरून परत. आतल्या भटकंतीसकट साधारण १८०० मैल, म्हणजे २९०० किलोमीटरच्या आसपास. पूर्ण मार्ग एकाच टाइम झोनमध्ये आहे, घड्याळ कुठेही बदलावं लागत नाही. तीन आठवडे असतील तर निवांत होतं. दोनच आठवडे असतील तर नेब्रास्का आणि बॅडलँड्स गाळा, पण यलोस्टोनच्या रात्री कमी करू नका.

उन्हाळ्यात युटा-ॲरिझोनाच्या वाळवंटाकडे आरव्ही न्यायचा मोह टाळावा. तिथल्या भर दुपारी गाडीतला एसी हरतो. हा उत्तरेकडचा मार्ग उंचावर आहे, रात्री गार पडतात. मला जूनचा दुसरा आठवडा ते जुलै उजाडेपर्यंतचा काळ सगळ्यात आवडतो. नऊपर्यंत उजेड असतो, टीटनवर बर्फ शिल्लक असतं, गव्यांची (इथल्या बायसनची) तांबूस वासरं कळपातून धावताना दिसतात. डास असतात, ते सोसायचे. ४ जुलैच्या सुट्टीत माउंट रशमोर आणि कोडी टाळावं. ऑगस्टच्या सुरुवातीला ब्लॅक हिल्समध्ये जाणार असाल तर आधी स्टर्जिसच्या मोटरसायकल मेळाव्याच्या तारखा बघून घ्या. १९३८ पासून चालत आलेला हा मेळावा इतका मोठा असतो की आसपास एकही कॅम्पग्राउंड मोकळं सापडत नाही. ऑगस्टमध्ये वणव्यांचा धूरही असू शकतो.

आधी जागा, मग गाडी

बहुतेक जण आधी गाडी ठरवतात आणि जागा नंतर शोधतात. क्रम उलटा हवा. आरव्ही भाड्याने मिळून जाते, यलोस्टोनमधली जागा मिळत नाही.

सगळ्यात आधी फिशिंग ब्रिज आरव्ही पार्क. यलोस्टोनच्या आत वीज, पाणी आणि मैला-जोडणी या तिन्ही सोयी असलेलं हे एकच ठिकाण. ग्रिझली अस्वलांचा वावर असल्यामुळे इथे तंबूला परवानगी नाही, फक्त टणक भिंतींच्या गाड्या चालतात. आरक्षण उद्यानाची लॉज चालवणारी कंपनी घेते आणि लोक जवळजवळ वर्षभर आधी जागा धरतात. तिच्याकडेच मॅडिसन कॅम्पग्राउंडही आहे. तिथे जोडणी काही नाही, पण ओल्ड फेथफुल हे गरम पाण्याचं कारंजं फक्त सोळा मैलांवर. दोन रात्री फिशिंग ब्रिज, दोन रात्री मॅडिसन अशी विभागणी केली की एकाच टोकावरून रोज तीन-तीन तास गाडी चालवावी लागत नाही.

मग ग्रँड टीटनमधला कोल्टर बे. त्यानंतर कस्टर स्टेट पार्क, तिथे वर्षभर आधी आरक्षण उघडतं. बहुतेक जागांना वीज मिळते, पाणी आणि मैल्याची जोडणी नाही, म्हणून आत शिरतानाच टाकी भरून घ्यायची. कॅम्पिंगच्या पैशांखेरीज पार्कचं प्रवेशशुल्क वेगळं पडतं. बाकीच्या छोट्या गावांत, म्हणजे गेरिंग, टेन स्लीप, लँडर, लॅरमी इथे, महिनाभर आधी फोन केला तरी बहुधा जमतं.

फॉर्म भरताना गाडीची लांबी विचारतात. तिथे बंपरपासून बंपरपर्यंतची खरी लांबी लिहा. चोवीस फुटांच्या जागेत सत्तावीस फुटांची गाडी बसत नाही आणि रेंजर, म्हणजे उद्यानाचा कर्मचारी, दुसरी जागा शोधून देईल याची खात्री नसते. पर्याय असेल तर 'पुल-थ्रू' जागा मागा. एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने बाहेर पडता येतं, गाडी मागे घ्यावी लागत नाही.

प्रवेशाच्या पासबद्दल भारतातून येणाऱ्यांनी नीट वाचावं. २०२६ पासून अमेरिकेतल्या रहिवाशांसाठी वार्षिक पास ८० डॉलर, बाहेरून येणाऱ्यांसाठी २५० डॉलर झाला आहे. वार्षिक पास नसेल तर यलोस्टोन आणि ग्रँड टीटनसह अकरा उद्यानांत परदेशी पाहुण्यांना माणशी १०० डॉलर जादा पडतात. म्हणजे तिकडून फिरायला आलेल्या दांपत्याने या दोन उद्यानांसाठी २५० चा पास घेणंच परवडतं. इथे राहणाऱ्यांनी ओळखपत्र जवळ ठेवावं.

गाडी किती मोठी

दोघांना २२ ते २५ फुटांची 'क्लास सी' गाडी पुरते. ड्रायव्हरच्या डोक्यावर पलंग पुढे आलेला असतो ती. व्हॅनएवढी 'क्लास बी' चालवायला सोपी, पण तीन आठवडे राहायला अडचणीची, आणि बहुधा महागही. तीस फुटांच्या पुढची गाडी दोघांनी घेऊ नये. उद्यानांतले वाहनतळ जुने आहेत, मोठ्या गाडीला तिथे जागाच सापडत नाही.

भाड्याची तुलना करताना दिवसाच्या दरावर जाऊ नका. मैलाचा दर, जनरेटरचे तास, अंथरूण-पांघरूण आणि भांड्यांचा संच, साफसफाई, टाक्या रिकाम्या न करता परत दिल्यास दंड, हे सगळं धरून बेरीज करा. इंधनाचा अंदाज सोपा आहे. अशी गाडी गॅलनला आठ ते दहा मैल देते, म्हणजे पूर्ण फेरीला दोनशे गॅलनच्या आसपास पेट्रोल. तो आकडा त्या दिवशीच्या दराने गुणा. आपल्या मोटारीचा विमा भाड्याच्या आरव्हीला बहुतेक वेळा लागू होत नाही, आणि कंपनीच्या विम्यातही छताचं नुकसान पुष्कळदा वगळलेलं असतं. तो परिच्छेद सही करण्याआधी वाचायचाच. भारतातून येणाऱ्यांनी मूळ परवान्याबरोबर इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट आणावं आणि वयाची अट कंपनीला आधी विचारावी.

गाडी ताब्यात घेताना घाई करू नका. एकाने कर्मचाऱ्याबरोबर फिरावं, दुसऱ्याने मोबाइलवर सलग चित्रीकरण करावं: छत, कोपरे, चाकं, काच, आतली कपाटं. प्रत्येक गोष्ट चालवून दाखवायला सांगा. फ्रिज गॅसवर आणि विजेवर, दोन्हींवर. गिझर, शेगडी, पंप, जनरेटर, बटण दाबल्यावर बाहेर सरकणारी खोली असेल तर तीसुद्धा. गाडीची उंची विचारून चिकटपट्टीवर लिहा आणि स्टिअरिंगसमोर लावा. पुलाखाली शिरताना ती नजरेसमोर हवी.

पहिली रात्र घराजवळच

गाडी दुपारी हातात मिळते. त्या दिवशी लांब जायचंच नाही. डेन्व्हरला लागून ऑरोरात चेरी क्रीक स्टेट पार्क आहे, तिथे वीज, पाणी, मैला या तिन्ही जोडण्या मिळतात. एक रात्र तिथे काढा आणि सगळं एकदा वापरून बघा. अंघोळ, स्वयंपाक, पलंग, हीटर. काय कमी आहे ते कळेल आणि दुकानं पाच मिनिटांवर असतील. ऑरोराच्या भारतीय दुकानांतून शिधा इथेच भरायचा, पुढे कोथिंबीरसुद्धा दुर्मीळ.

चालवायचं कसं

आरव्हीचा मागचा भाग मागच्या चाकांच्याही बराच मागे गेलेला असतो. त्यामुळे डावीकडे वळलात की शेपूट उजवीकडे फिरते आणि पेट्रोल पंपाच्या खांबाला घासते. पंपावरून निघताना आधी सरळ पुढे या, मग वळा. चौकात नेहमीपेक्षा उशिरा आणि रुंद वळण घ्या. पुढच्या वाहनापासून एरवीच्या दुप्पट अंतर ठेवा.

घाटात उतरताना ब्रेकवर पाय दाबून ठेवायचा नाही, तो तापून निकामी होतो. उतार सुरू होण्याआधीच खालच्या गिअरमध्ये या. क्लास सी गाडीत बहुधा 'टो-हॉल' नावाचं बटण असतं, ते दाबलं की इंजिनच गाडी आवरून धरतं. वेग वाढला की ब्रेक एकदा ठाम दाबून सोडायचा. मागे रांग लागली तर टर्नआउटला, म्हणजे रस्त्याकडेच्या थांबायच्या जागी, बाजूला होऊन लोकांना जाऊ द्यावं, त्यात कमीपणा नाही.

मोबाइलवरच्या नेहमीच्या नकाशाला गाडीची उंची ठाऊक नसते. आरव्हीसाठीचं वेगळं ॲप घ्या, नकाशे आधीच उतरवून ठेवा आणि छापील ॲटलसही बरोबर असू द्या. वायोमिंगमध्ये तासन्‌तास सिग्नल नसतो. तिथे अर्ध्या टाकीला पेट्रोल भरायचं हा नियम. शिवाय टाकी पाव भागाखाली गेली की बहुतेक गाड्यांचा जनरेटर बंद पडतो.

गाडी मागे घेताना बाहेर उभं राहणाऱ्याने ड्रायव्हरला आरशात दिसेल अशाच जागी उभं राहावं. खुणा आधी ठरवा, आणि फक्त चार: ये, डावीकडे, उजवीकडे, थांब. 'थांब'साठी दोन्ही हात वर. आवाज देऊन उपयोग नाही, इंजिनपुढे काही ऐकू येत नाही आणि शेजारच्या सगळ्या कॅम्पग्राउंडला मात्र ऐकू जातं. आरशात माणूस दिसेनासं झालं की ड्रायव्हरने तिथल्या तिथे थांबायचं. वर झाडाच्या फांद्याही बघायच्या, त्या बहुतेक जण विसरतात.

माझं ठाम मत आहे की दोघांनाही गाडी चालवता आली पाहिजे आणि दोघांनाही टाकी रिकामी करता आली पाहिजे. एकाला पाठदुखी झाली, ताप आला, तर शंभर मैलांत दवाखाना नसतो. भारतातून आलेल्या जोडप्यांत पुष्कळदा बायको मागे बसते, नवरा एकटा चालवतो, आणि चौथ्या दिवशी तो थकून जातो. पहिल्या दिवशीच मोकळ्या वाहनतळावर दोघांनी अर्धा-अर्धा तास सराव करावा. मला स्वतःला तेवढ्याने हुरूप आला.

वीज, पाणी आणि टाक्या

जोडणीच्या खांबावरचा ब्रेकर आधी बंद करा, विजेच्या झटक्यापासून वाचवणारा सर्ज प्रोटेक्टर लावा, वायर जोडा, मग ब्रेकर चालू करा. या आकाराच्या गाडीला ३० अँपिअरची जोडणी असते, म्हणजे एकूण ३६०० वॉट. एसी, मायक्रोवेव्ह आणि इलेक्ट्रिक कुकर एकदम लावले की वीज गेलीच. स्वयंपाक होईपर्यंत एसी बंद ठेवायचा. पिण्याच्या पाण्यासाठी पांढरी किंवा निळी स्वतंत्र नळी हवी, आणि नळाला दाब कमी करणारा रेग्युलेटर लावावा. नाहीतर काही ठिकाणच्या जोरदार दाबाने आतले पाइप फुटतात.

टाक्या तीन. ताज्या पाण्याची, सिंक-अंघोळीच्या सांडपाण्याची ती ग्रे, आणि संडासाची ती ब्लॅक. जोडणी नसेल तर दोघांना दोन-तीन दिवस आरामात निघतात, पण पाणी जपून. गिझर बहुधा सहा गॅलनचा असतो. अंग ओलं करा, पाणी बंद, साबण लावा, मग धुवा. दोन अंघोळींत पंधरा मिनिटं जाऊ द्या.

टाकी रिकामी करण्याची लोकांना धास्ती वाटते. एकदा क्रम बसला की दहा मिनिटांचं काम. हातमोजे घाला. जाड नळी आधी जमिनीतल्या तोंडाला घट्ट बसवा, वर दगड ठेवा, मगच दुसरं टोक गाडीला जोडा. शक्यतो नळीच्या टोकाचा वाकडा तुकडा पारदर्शक घ्या, आतून काय जातंय ते दिसतं. आधी ब्लॅक टाकीची झडप उघडणारा दांडा ओढायचा. सुरुवातीला जोरात खळखळ होते, मग धार बारीक होते, आणि शेवटी नुसतं थेंबथेंब. त्यानंतर दांडा आत ढकलून ग्रेचा ओढायचा, म्हणजे साबणाच्या पाण्याने नळी धुऊन निघते. शेवटी ब्लॅकमध्ये थोडं पाणी आणि औषधाची पुडी टाकून ठेवा. पूर्ण जोडणीच्या जागीसुद्धा ब्लॅकचा दांडा कधीही उघडा ठेवू नये. पातळ वाहून जातं, घट्ट आत साचतं आणि पुढच्या आठवड्यात ते काढायला माणूस बोलवावा लागतो. कागदही आरव्हीचा विरघळणाराच वापरायचा.

निघायच्या आधी दोघांनी वेगवेगळी एकेक फेरी मारावी, एकाने आतून, एकाने बाहेरून. वायर, नळ्या, पायरी, चाकाखालच्या पाट्या, छताच्या खिडक्या, फ्रिजची कडी, गॅसची शेगडी, छत्री (गाडीच्या बाजूला उघडणारं कापडी छप्पर). आणि मग जागा बदलून पुन्हा एकदा. दुसऱ्या नजरेला हमखास काहीतरी सापडतं.

उंचीवरचं स्वयंपाकघर

फिशिंग ब्रिज समुद्रसपाटीपासून जवळजवळ ७८०० फुटांवर आहे. तिथे पाणी ९२ अंशांच्या आसपासच उकळायला लागतं, त्यामुळे डाळ उघड्या भांड्यात तासभर ठेवली तरी दाणा कचरट राहतो. छोटा प्रेशर कुकर घरून न्याच. त्यात तूरडाळ आणि भात एकावर एक लागतात, गॅस वाचतो. फक्त एक-दोन शिट्ट्या जास्त द्यायच्या. पोहे, उपमा, पिठलं, थालीपीठ ही आरव्हीची खरी सोबत. भाजणी आणि मेतकूट फ्रिजमध्ये जागा अडवत नाहीत. फोडणी देण्याआधी छताचा पंखा सुरू करा आणि खिडकी उघडा. मोहरी-मिरचीच्या धुराने अलार्म कोकलतो, आणि तो बंद करून ठेवणं कधीही योग्य नाही, कारण गॅसगळतीची सूचना देणारं यंत्रही त्याच दोन हातांच्या जागेत असतं.

अस्वलांच्या प्रदेशात बाहेर काहीही ठेवायचं नाही. रिकामी कढई, कचऱ्याची पिशवी, कूलर, टूथपेस्टसुद्धा गाडीत, काचा वर. भांडी धुतलेलं पाणी झाडाखाली ओतायचं नाही. अस्वलाला माणसाच्या अन्नाची चटक लागली की शेवटी त्याला मारावं लागतं. आपल्या निष्काळजीपणाची किंमत त्या जनावराने मोजायची, हे मला सहन होत नाही.

वाटेवरचे मुक्काम

दुसऱ्या दिवशी गेरिंग, दोनशे मैल. स्कॉट्स ब्लफचा कडा आणि वाटेतला चिमणी रॉक, दोन्ही ओरेगन ट्रेलवरून बैलगाड्यांनी पश्चिमेला जाणाऱ्यांच्या खुणा होत्या. तिसऱ्या दिवशी अलायन्स गावाबाहेर कारहेंज लागतं. १९८७ मध्ये जुन्या मोटारी राखाडी रंगवून, जमिनीत उभ्या गाडून स्टोनहेंजसारखं वर्तुळ केलेलं आहे. अर्धा तास पुरतो.

कस्टर स्टेट पार्कमध्ये तीन रात्री द्या. अठरा मैलांच्या वाइल्डलाइफ लूपवर पहाटे सहाला निघा. हजाराहून जास्त गवे आहेत आणि सकाळी ते रस्त्यावरच असतात. पुढे गाढवं भेटतात, ती खिडकीत तोंड घालतात. हा रस्ता आरव्हीने होतो. नीडल्स हायवे आणि आयर्न माउंटन रोड मात्र आरव्हीने करायचे नाहीत. नीडल्स आय हा बोगदा जेमतेम आठ फूट रुंद आहे आणि तुमची गाडीच तेवढी असते. रॅपिड सिटीहून एक दिवस छोटी मोटार भाड्याने घ्या आणि हे दोन्ही रस्ते त्या एका दिवसात करा. आयर्न माउंटनच्या बोगद्यांच्या चौकटीतून माउंट रशमोरच्या डोंगरात कोरलेले चार राष्ट्राध्यक्षांचे चेहरे समोर येतात, ते दृश्य त्या भाड्याइतकं नक्की मोलाचं आहे.

माउंट रशमोर १९२७ ते १९४१ या काळात कोरलं गेलं, प्रत्येक चेहरा साठ फुटांचा. ते पाहताना हा डोंगर कुणाचा होता तेही वाचा. १८६८ च्या फोर्ट लारमी तहाने ब्लॅक हिल्स इथल्या लाकोटा आदिवासींना कायमचे दिले होते. सोनं सापडल्यावर ते काढून घेतले गेले. १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भरपाई मंजूर केली, लाकोटांनी ती आजवर स्वीकारलेली नाही, त्यांना जमीन हवी आहे. जवळच १९४८ पासून लाकोटा योद्धा क्रेझी हॉर्सचं शिल्प कोरलं जातंय, अजून अपुरं आहे. माझ्या मते दोन्ही एकाच दिवशी बघावीत.

बॅडलँड्सला एक रात्र, सीडर पासच्या वीज असलेल्या जागेवर. दिवसा उकाडा भयंकर, सावली नाही. दुपारी वॉल गावात वॉल ड्रगमध्ये थांबा. मंदीच्या काळात १९३१ साली सुरू झालेल्या या दुकानाने प्रवाशांना फुकट बर्फाचं पाणी देऊन नाव कमावलं, ते अजूनही देतात. पाच वाजल्यानंतर पिनॅकल्सच्या कड्यावर या. उन्हं कलली की त्या मातीच्या सुळक्यांतले गुलाबी, पिवळे, राखी थर एकामागून एक उठून दिसायला लागतात. दगडांत हात घालू नका, रॅटलस्नेक असतात. या पठारावर संध्याकाळी अचानक वादळ आणि गारा येतात, म्हणून गाडीची छत्री उघडी ठेवून फिरायला जायचं नाही.

डेव्हिल्स टॉवर हा दगडी सुळका अमेरिकेचं पहिलं राष्ट्रीय स्मारक, १९०६ सालचं. पायथ्यापासून ८६७ फूट उंच. अंधेरीचा गिल्बर्ट हिल पाहिलेल्याला इथे ओळख पटेल. तिथला बेसाल्ट आहे, इथला दगड वेगळा, फोनोलाइट, पण तापलेला रस थंड होताना आकसून उभे खांब तयार झाले हे दोन्हीकडे सारखंच. भोवतीची सव्वा मैलाची वाट सकाळी चाला. झाडांना बांधलेली रंगीत कापडं दिसतील. ते आदिवासींच्या प्रार्थनेचं आहे, हात लावायचा नाही. फोटोही काढू नका.

पुढे बिगहॉर्न पर्वत ओलांडायचा. रस्ते तीन आहेत. १४-ए अतिशय तीव्र उताराचा, तो आरव्हीने टाळाच. बफेलो गावाहून निघणारा यूएस १६ सगळ्यात सौम्य. माथा ९६६६ फुटांवर, आणि पलीकडे टेन स्लीप कॅन्यनचे चुनखडीचे कडे. टेन स्लीप गावात एक रात्र राहा. दुसऱ्या दिवशी कोडी. तिथलं बफेलो बिल सेंटर म्हणजे एका छताखाली पाच संग्रहालयं, त्यातलं मैदानी आदिवासींचं दालन चुकवू नका. कोडीत उन्हाळाभर रोज रात्री रोडिओ, म्हणजे घोड्या-बैलांवरच्या स्वारीचे खेळ, असतो. किराणा, पेट्रोल, प्रोपेन, बेअर स्प्रे (अस्वलाला दूर ठेवणारा फवारा) सगळं इथे भरा. यलोस्टोनच्या आत सगळं महाग.

यलोस्टोनमध्ये सकाळी सातला निघा, अकरापर्यंत फिरा, दुपारी मुक्कामी येऊन जेवा-झोपा, पुन्हा पाचनंतर निघा. उन्हाळ्यात दहा ते चार वाहनतळ तुडुंब असतात, आरव्हीला तर विचारायलाच नको. फिशिंग ब्रिजहून पहाटे हेडन व्हॅली, मग कॅन्यनचा ३०८ फुटांचा लोअर फॉल्स. मॅडिसनहून ओल्ड फेथफुल, साधारण दीड तासाने एकदा उसळतं, अंदाजित वेळ पार्कच्या ॲपवर दिसते. ग्रँड प्रिझमॅटिक या गरम झऱ्याचे रंग थंड सकाळी वाफेत झाकले जातात, तिकडे संध्याकाळी जा आणि फेअरी फॉल्सच्या वाटेवरच्या उंच कठड्यावरून बघा. लाकडी पायवाट सोडायची नाही, खालचा पापुद्रा पातळ आणि पाणी उकळतं असतं. गव्यांपासून २५ यार्ड, अस्वल आणि लांडग्यांपासून १०० यार्ड दूर. गवा शांत दिसतो, पण धावला तर माणूस सुटत नाही. जनरेटर फक्त सकाळी आठ ते रात्री आठ. जूनमध्येही रात्री पारा गोठणबिंदूजवळ जातो, लोकरीचे कपडे हवेतच.

टीटनला तीन रात्री. इथे गाडी फार हलवायची गरज नाही. ऑक्सबो बेंड पहाटे, जेनी लेकवरून होडीने पलीकडे जाऊन धबधब्यापर्यंत चाल, आणि एक पूर्ण दिवस नुसता कोल्टर बेच्या काठावर. मूस-विल्सन रोडवर मोठ्या गाड्यांना बंदी आहे, जॅक्सनहून आयडाहोकडे जाणारा टीटन पासही टाळा.

परतीचा रस्ता

टोग्वोटी पास ओलांडून ड्यूबॉय आणि लँडर. लँडरजवळ सिंक्स कॅन्यनमध्ये पोपो ॲजी नदी चुनखडीच्या गुहेत शिरून दिसेनाशी होते आणि पाव मैलावर एका शांत डोहातून पुन्हा वर येते. तज्ज्ञांनी रंग टाकून पाहिलं, तेवढं अंतर कापायला पाण्याला दोन तासांहून जास्त लागतात. डोहात मोठाले ट्राउट मासे संथ फिरत असतात.

तिथून रॉलिन्स, मग आय-८० वरून लॅरमी. एल्क माउंटनच्या पट्ट्यात वारा इतका सुटतो की उंच, हलक्या गाड्यांना रस्ता बंद करतात. निघण्याआधी वायोमिंगच्या रस्तेखात्याची सूचना बघा. बंद असेल तर रॉलिन्सलाच एक दिवस थांबायचं. त्यासाठी बेतात एक रिकामा दिवस ठेवलेला असावा.

शेवटची रात्र लव्हलँडच्या बॉइड लेक स्टेट पार्कमध्ये. तिथून डेन्व्हर तासाभरावर. संध्याकाळी टाक्या रिकाम्या करा, फ्रिज आवरा, झाडून घ्या, पेट्रोल आणि प्रोपेन घेतलं होतं तेवढं भरा. गाडी परत देताना पुन्हा सगळीकडून चित्रीकरण करायचं, आणि अनामत रक्कम खात्यात परत येईपर्यंत ते पुसायचं नाही.